आधी गव्हाण, मग सुई



डुकरावरचा लेख या पानावर पाहून काही जण नाक मुरडतील. मुरडू द्या. कापूस-ज्वारीच्या मुलखात डुक्कर म्हणजे एक तर गावाकडेच्या उकिरड्यावर फिरणारे जनावर, नाही तर हुरड्यात आलेली ज्वारी एका रात्रीत आडवी करणारे रानडुक्कर. दोन्हींचे नाव निघाले की आपल्या तोंडी शिवीच येते. पण या जनावराच्या पोटात डोकावून शास्त्रज्ञांनी गेल्या पन्नास-साठ वर्षांत जे पाहिले, त्याचा संबंध तुमच्या दावणीला बांधलेल्या गाईशी आहे, दारातल्या शेळीशी आहे, आणि माज येत नाही म्हणून दर उन्हाळ्यात सुईपायी जाणाऱ्या पैशाशीही आहे.

मुद्दा आधीच सांगून टाकतो, पुढचा लेख त्याच्या पुराव्याचा आहे. मादी जनावर माजावर येते की नाही, हे तिचे अंडाशय एकटे ठरवत नाही. अंगात किती ऊर्जा आली आणि अंगातून किती गेली, या जमाखर्चावर ते ठरते. हा जमाखर्च अंडाशयापर्यंत पोचवण्याचे काम काही संप्रेरके, म्हणजे आपण ज्यांना हार्मोन म्हणतो ती, करत असतात. जमा कमी पडली की शरीर बाकीचे खर्च कसेबसे चालू ठेवते आणि पुढच्या वेताचे काम बंद करते. तेव्हा माज आणण्यासाठी वरून हार्मोन टोचण्याआधी आतला हिशेब पाहायला पाहिजे, आणि तो हिशेब गव्हाणीत दिसतो. आपल्याकडे याच्या नेमके उलटे चालते.

डुकरिणीचाच अभ्यास इतका का?

कारण तिचा खर्च अफाट आहे. डुकरीण तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवस गाभण असते. सुधारित जातीची डुकरीण एका वेताला दहा-बारा, आणि आता त्याहूनही जास्त पिल्ले देते. डेन्मार्कमध्ये एका डुकरिणीमागे वर्षाला तीसच्या वर पिल्ले दूध तोडण्यापर्यंत जगवली जातात. एवढी पिल्ले अंगावर पीत असताना ती रोज आठ-दहा किलो दूध देते. पावणेदोनशे-दोनशे किलो वजनाच्या जनावराने दहा किलो दूध द्यायचे, आणि तेही गाईच्या दुधापेक्षा कसदार! आता हिशेब मांडून पाहा. एवढे दूध आणि स्वतःचा देह सांभाळायला तिला रोज सात किलोच्या आसपास चांगले खाद्य लागते. पहिलारू डुकरीण मात्र अजून पुरती वाढलेली नसते, तिची भूकही लहान असते. ती चार-पाच किलोवर थांबते. उरलेल्या दोन-तीन किलोंची तूट कोण भरते? तिच्या पाठीवरची चरबी आणि मांड्यांचे मांस. पिल्ले जोमाने वाढत असतात आणि आई झिजत असते.

पिल्ले तोडल्यावर धडधाकट डुकरीण चार ते सात दिवसांत माजावर येते. झिजलेली येत नाही, किंवा उशिरा येते, आणि आलीच तर दुसऱ्या वेताला पहिल्यापेक्षाही कमी पिल्ले देते. परदेशातल्या डुक्कर पाळणाऱ्यांना हे दुखणे चांगले ठाऊक आहे. खरे तर दुसऱ्या वेताला पिल्ले वाढायला हवीत. तिकडे डुकराचा धंदा मोठा, एकेका गोठ्यात हजार-हजार डुकरिणी, एक माज हुकला की एकवीस दिवसांचे खाद्य फुकट. तोटा नजरेत भरण्याइतका मोठा होता, म्हणून संशोधनाला पैसा मिळाला. आपल्या एका गाईचे एकवीस दिवस वाया गेले तर ते कोणाच्याच वहीत चढत नाही, म्हणून त्यावर पैसाही लागत नाही. असो.

निरोप कसा जातो

मेंदूच्या तळाशी एक छोटा भाग आहे. तिथून एक संप्रेरक थेंबाथेंबाने, ठोके पडावेत तसे सुटते. ते जवळच्याच वाटाण्याएवढ्या पीयूष ग्रंथीला हुकूम देते, आणि त्या हुकमावर पीयूष ग्रंथी दोन संप्रेरके रक्तात सोडते. ही दोन अंडाशयातले बारीक पाण्याचे फोड वाढवतात. प्रत्येक फोडात एक बीज असते. फोड वाढले की माज दिसतो, फुटले की बीज सुटते. सगळा खेळ त्या ठोक्यांच्या वेगावर आहे. ठोके तासातासाने पडले तर फोड वाढतात, चार-सहा तासांनी एखादा पडला तर जिथल्या तिथे राहतात. पिल्ले अंगावर असेपर्यंत डुकरिणीचे ठोके मंदच असतात. तोडली की वाढतात. पण उपाशी डुकरिणीत ते तोडल्यावरही लवकर वाढत नाहीत.

मेंदूतले हे हुकूम देणारे संप्रेरक शोधले कसे, तीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत अँड्र्यू शॅली या शास्त्रज्ञाने कत्तलखान्यांतून लाखाच्या वर डुकरांच्या मेंदूंचे तुकडे गोळा केले. तेवढ्यातून हाती लागला चिमटीतही मावणार नाही इतका अर्क. १९७१ मध्ये त्याची बांधणी उलगडली. रॉजर गिलेमिन हे दुसरे शास्त्रज्ञ मेंढ्यांच्या मेंदूंवर तेच काम करत होते. दोघांना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ही जुनी कहाणी सांगायचे कारण असे की आज तुमच्या गाईला माजासाठी किंवा बीज सुटण्यासाठी जी इंजेक्शने देतात, त्यांतले एक त्याच संप्रेरकाची कारखान्यात केलेली नक्कल आहे. डुकराच्या नावाने नाक मुरडणाऱ्यांच्या गोठ्यात डुकराची विद्या केव्हाच येऊन बसली आहे!

आता प्रश्न असा की ठोके मंद ठेवायचे की जलद, हे मेंदूला कळते कसे? मेंदू काही गव्हाण पाहत नाही. तो रक्त चाखतो.

पहिला निरोप्या इन्सुलिन. साखरेच्या रोग्यांमुळे हे नाव आता खेड्यातही सर्वांना ठाऊक आहे. डुकराचे इन्सुलिन आणि माणसाचे इन्सुलिन यांत एकावन्न दुव्यांपैकी फक्त एका दुव्याचा फरक आहे, म्हणून तर कित्येक वर्षे डुकराचे इन्सुलिन माणसांना टोचले जात होते. खाणे झाले की स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटते आणि अंगाला सांगते, माल आला आहे, उचला. हाच निरोप अंडाशयही ऐकते. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या संशोधकांनी तरण्या डुकरिणींना माजाआधीच्या दिवसांत काहींना जास्त ऊर्जेचा खुराक दिला, काहींना इन्सुलिन टोचले. सुटणाऱ्या बीजांची संख्या वाढली. म्हणजे खुराकाचा निरोप बीजापर्यंत नेणाऱ्यांत इन्सुलिन आहे, हे उघड झाले.

दुसरा निरोप्या यकृतातून निघतो. त्याचे नाव इन्सुलिनसारखा वाढघटक असे लांबलचक आहे. पोट भरलेल्या जनावराचे यकृत तो भरपूर बनवते. उपाशी जनावराच्या रक्तात वाढीचे मूळ संप्रेरक उलट जास्त असते, पण यकृत त्याला दाद देत नाही, आणि हा वाढघटक घटतो. तो घटला की पीयूष ग्रंथीचा हुकूम आला तरी फोडाच्या पेशी तो पुरता पाळत नाहीत. हुकूम वरून सुटला आहे, पण खालच्या हातांना बळ नाही. आपल्याला ही अवस्था सांगायला नको.

तिसरा निरोप्या चरबीतून येतो, त्याचे नाव लेप्टिन. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळेत उंदरांत त्याचा शोध लागला. ज्या उंदरांच्या अंगात हे संप्रेरक बनतच नव्हते ते वांझ होते, आणि ते टोचल्यावर त्यांना पिल्ले होऊ लागली. पुढे डुकरातही ते सापडले. पाठीवर चरबी किती शिल्लक आहे, हे लेप्टिन मेंदूला कळवते. इन्सुलिन आजच्या जमेची पावती आहे, तर लेप्टिन कोठारातल्या साठ्याचा दाखला.

हे दाखले मेंदूतल्या ज्या चौकीवर तपासले जातात, तिथल्या संप्रेरकाचे नाव किसपेप्टिन. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या हर्शी गावात कर्करोगाच्या संशोधनात त्याचा जनुक सापडला, आणि त्या गावच्या प्रसिद्ध चॉकलेटवरून हे नाव पडले. माज-वयाशी त्याचा संबंध २००३ मध्ये कळला. पंडितांच्या नाव ठेवण्यातही गंमत असते.

पातेगळ

एवढी नावे लक्षात ठेवायची गरज नाही. कपाशी उभी केलेल्या माणसाला ही गोष्ट एका शब्दात कळेल. तो शब्द म्हणजे पातेगळ. कपाशीला पाती भरपूर लागतात. पावसाने वीस-पंचवीस दिवस दडी मारली की झाड पाहते, एवढी बोंडे पोसणे आपल्याच्याने होणार नाही, आणि पाती गाळून टाकते. झाड मरत नाही, हिरवेच दिसते, पण माल गेला. अंडाशयात तंतोतंत हेच चालते. तिथेही एका वेळी कितीतरी फोड वाढीला लागतात आणि त्यांतले बरेच आपोआप गळतात. पोषणाचा निरोप चांगला असला की गळ कमी, वाईट असला की जास्त, आणि फारच वाईट असला की एकही पिकत नाही. इन्सुलिनचे एक काम ही गळ थांबवणे हे आहे.

आणि पातेगळ थांबवायला आपण काय करतो? कृषी केंद्रावाला संजीवकाची बाटली हातात देतो. जमिनीत ओल असेल, झाडात कस असेल तर फवारणीचा गुण येतो. ओल नसताना फवारले तर चार दिवस पाती टिकल्यासारखी दिसतात, मग गळायची ती गळतातच, आणि बाटलीचे पैसे उधारीच्या वहीत राहतात. हे ज्याने एकदा भोगले आहे, त्याला भुकेल्या गाईला टोचलेल्या सुईचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

डुकरिणींसाठीही अशी सुई आहे. गाभण घोडीच्या रक्तातले आणि गरोदर बाईच्या लघवीतले अशी दोन संप्रेरके एकत्र करून ती बनवतात. ती दिली की पहिलारू डुकरीण लवकर माजावर येते, यात वाद नाही. पण माज आला म्हणजे पिल्ले वाढलीच असे घडत नाही. फोड जबरदस्तीने फुगवता येतो, त्यातल्या बीजाला आधीच्या पंधरा-वीस दिवसांत जे मिळाले नाही ते त्या दिवशी टोचता येत नाही.

याचा पुरावा कॅनडाच्या अल्बर्टा विद्यापीठातून १९९७ मध्ये आला, आणि मला तो सगळ्यांत बोलका वाटतो. पहिलारू डुकरिणींचे तीन गट केले. पिल्ले अठ्ठावीस दिवस अंगावर होती. पहिल्या गटाला सगळे दिवस पोटभर. दुसऱ्याला पहिले तीन आठवडे अर्धपोटी, शेवटचा आठवडा पोटभर. तिसऱ्याला उलट, तीन आठवडे पोटभर आणि शेवटचा आठवडा अर्धपोटी. पोटभरवाल्या डुकरिणी चार दिवसांच्या आत माजावर आल्या आणि त्यांची वीसच्या आसपास बीजे सुटली. दोन्ही अर्धपोटी गटांना पाच दिवसांच्या वर लागले आणि बीजे सुटली पंधरा-सोळा. इथपर्यंत अपेक्षितच होते. पण पुढे पाहा. गाभण राहिल्यावर किती गर्भ टिकले? पहिल्या दोन गटांत शेकडा पंच्याऐंशीच्या वर टिकले. ज्यांची उपासमार शेवटच्या आठवड्यात झाली, त्यांचे शेकडा पासष्टच्या आसपासच टिकले. आणि लक्षात ठेवा, त्या आठवड्यानंतर त्यांना कोणी उपाशी ठेवले नव्हते. माज आला, फळली, गाभणही राहिली, तरी आधीच्या भुकेची वसुली पुढे झालीच. बीज पिकत असताना जे कमी पडले ते बीजाने लक्षात ठेवले.

तूट किती चालते याचीही मोजदाद झाली आहे. अंगातल्या प्रथिनांपैकी दहाएक टक्के झिजेपर्यंत डुकरीण सोसते, त्यापुढे अंडाशय हात टेकते. हॉलंडमधल्या संशोधकांनी पिल्ले तोडल्यापासून माज येईपर्यंतच्या मोजक्या दिवसांत खाद्यात थोडी ग्लुकोज साखर घातली. पिल्लांची संख्या त्याने वाढली नाही, पण पुढच्या वेताची पिल्ले वजनाने जास्त एकसारखी निघाली. आठवडाभराच्या साखरेचा परिणाम चार महिन्यांनी तराजूवर दिसला.

उलट बाजूही सांगतो, नाही तर कोणी उद्यापासून जनावराला कोंबून चारायला लागेल. तरण्या डुकरिणीला माजाआधी खुराक वाढवला तर बीजे वाढतात, पण फळल्यावर लगेच तसाच भरपेट खुराक चालू ठेवला तर गर्भ टिकवणारे संप्रेरक यकृतातून भराभर वाहून जाते आणि काही गर्भ गळतात. चारण्यालाही वेळ असते, ओंबी भरताना दिलेले पाणी आणि काढणीला आलेले असताना दिलेले पाणी सारखे नसते तशी.

आपल्या गोठ्यात

गाय म्हणजे डुकरीण नव्हे, हे मला कळते. गाय रवंथ करते, एका वेळी एक बीज सोडते, तिचे दूध आणि डुकरिणीचे दूध यांचा ताळा बसत नाही. पण मेंदूचे ठोके तेच, इन्सुलिन तेच, यकृताचा वाढघटक तोच, आणि चरबीचा निरोपही तोच. व्याल्यावर दूध वाढते, खाणे तेवढे वाढत नाही, ती तूटही तीच. गाईचे वजन सुमारे पाचव्या हिश्श्याने घटले की माज थांबतो, हे गाईंवरच पाहिले गेले आहे.

आता आपला फाल्गुन ते ज्येष्ठ आठवा. कडबा संपत आलेला, कुटार उरलेले, हिरव्याचे नाव नाही. ज्वारीच्या कडब्यात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के. त्यावर जनावर जगते, माजावर येत नाही. आणि कडबाही आता कुठे राहिला? १९६४ मध्ये संकरित ज्वारीचे पहिले वाण आले. त्या वाणांनी दाणा दिला, पण ताटे बुटकी केली. वाण निवडणाऱ्यांनी दाण्याचे क्विंटल मोजले, कडब्याच्या पेंढ्या मोजल्या नाहीत. पुढे सोयाबीन आले, ज्वारीचे रानच आटले. सोयाबीनच्या कुटाराने कडब्याची जागा भरत नाही. म्हणजे गाईच्या अंडाशयाचा जमाखर्च बिघडला तो काही गोठ्यात बिघडला नाही, रानात बिघडला, आणि ज्वारीच्या भावाने बिघडला. ज्वारी परवडली असती तर कोणी शौक म्हणून सोडली नसती.

अशा जनावराला घेऊन आपण वंध्यत्व निवारणाच्या शिबिराला जातो. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी गाय, तिला सुई, जंताची गोळी, क्षाराची पुडी. क्षारांना आणि जंताच्या औषधाला मी नाव ठेवत नाही, दोन्ही कामाची आहेत. सुईलाही सरसकट नाव ठेवत नाही. अंगावर मांस आहे, खाणे नीट आहे आणि तरी माज येत नाही, अशा गाईच्या अंडाशयात दोष असू शकतो, तिला पशुवैद्यकाने तपासून टोचलेली सुई गुण देते. पण हाडांवर कातडे ताणलेल्या गाईचे अंडाशय बिघडलेले नसते. ते शहाणपणाने बंद असते. तिला वासरू पोसायची ताकद नाही हे तिच्या शरीराला कळलेले असते, कळत नाही ते टोचणाऱ्याला. मग महिन्याने गाय उलटली की दोष कुणाचा? गाईचा, वळूचा, रेतनाच्या कांडीचा, शेतकऱ्याच्या अज्ञानाचा! गव्हाणीचे नाव कोणी काढत नाही, कारण गव्हाण भरण्याची योजना काढणे सुईची योजना काढण्यापेक्षा महाग आहे.

करायचे ते माजाच्या दिवशी नाही, आधी करायचे. गाय गाभण असताना शेवटचे दोन महिने तिचे दूध आटवून तिच्या अंगावर मांस चढू द्या. व्याल्यावरचे पहिले दोन महिने सगळ्यांत तुटीचे, घरात जे कसदार असेल ते तेव्हा तिच्यापुढे गेले पाहिजे. कडबा आख्खा टाकण्याऐवजी कुट्टी करून टाकला तर तेवढ्याच पेंढ्यांत जास्त पोटात जाते. सरकीची ढेप आपल्याच घरातली. तिच्यात गॉसिपॉल नावाचे विष असते, ते डुकराला बाधते, काळजाला आणि यकृताला इजा करते. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराच्या पोटात ते बरेचसे बांधले जाते, म्हणून गाई-म्हशींना माफक ढेप चालते. लहान वासरांना मात्र जपून. शेळ्यांच्या बाबतीत तर हा प्रयोग अगदी स्वस्तात होतो. बोकड सोडण्याआधी दोन-तीन आठवडे रोज पाव किलो भरडलेली ज्वारी किंवा मका दिला, तर जुळी होण्याची शक्यता वाढते. उस्मानाबादी शेळीला जुळ्यांचा गुण रक्तातूनच आहे, पण उपाशी शेळीत तो झाकलेलाच राहतो. पावसाने काळी पडलेली ज्वारी बाजारात मातीमोल द्यावी लागते, त्यापेक्षा बुरशी फार चढलेली नसेल तेवढी निवडून शेळीच्या पुढे ठेवली तर तिचे मोल जास्त होईल.

आणि रानडुक्कर

याच शास्त्राची एक कडू बाजू आपल्या धुऱ्यावर रोज रात्री हजर असते. रानडुक्कर आणि पाळीव डुक्कर ही एकाच जातीची जनावरे आहेत. त्यांची संप्रेरके वेगळी नाहीत. युरोपातल्या जंगलांत ओक आणि बीच या झाडांना ज्या वर्षी बियांचा बहर येतो, त्या वर्षी जास्त माद्या वितात आणि वर्ष न भरलेल्या माद्याही गाभण राहतात, हे तिकडे मोजून पाहिले आहे. जंगलात ही बहराची वर्षे अधूनमधून येतात. आपल्या रानात दरवर्षी बहर असतो, तो आपण पेरतो. खरिपात मका, ज्वारी, भुईमूग, रबीत हरभरा. रानडुकरिणीला इन्सुलिनही आपण पुरवतो आणि लेप्टिनही. तिचे अंडाशय फुलते ते आपल्या दाण्यावर, आणि आपल्या गाईचे मिटते ते त्याच दाण्याच्या टंचाईवर.

म्हणून रानडुकरांचे नुकसान मोजताना पंचनाम्यात फक्त आडवी झालेली ताटे धरतात, ते अपुरे आहे. ज्या रानात डुक्कर घुसते तिथे शेतकरी पुढच्या वर्षी ज्वारी पेरत नाही. ज्वारी गेली की कडबा गेला, कडबा गेला की माज गेला. वन्यजीव कायदा १९७२ चा आहे. त्या कायद्यावर आणि भरपाईच्या रकमेवर बैठकांत खूप बोलून झाले आहे, ते इथे उगाळत नाही. पण राखणीच्या कुंपणाचा खर्च मागताना तो दाण्याचा खर्च म्हणून न मागता चाऱ्याचा आणि जनावराच्या पैदाशीचा खर्च म्हणूनही मागावा, एवढे जरूर सुचवतो. तसे मागितल्यावर पशुसंवर्धनवाल्यांनाही उत्तर द्यावे लागेल. आज सगळे पत्र वनखात्याच्या टेबलावर जाऊन पडते.

तालुक्याच्या बैठकीत ठेवण्यासाठी तीन मागण्या लिहून देतो, त्यात भर घाला किंवा खोडा. एक, वंध्यत्वाच्या शिबिरात जनावराला सुई देण्याआधी त्याच्या अंगावरचे मांस एक ते पाच अशा गुणांत मोजून कार्डावर लिहावे. दोन किंवा त्याहून कमी गुण असतील तर माजाची सुई न देता दोन महिन्यांचा खुराक लिहून द्यावा, आणि शिबिराच्या पैशातून त्या खुराकाला हातभार लावावा. दोन, शिबिराचा अहवाल किती जनावरांना सुया दिल्या यावर न थांबता, त्यांतली किती गाभण राहिली आणि किती व्याली, हे दहा महिन्यांनी गावात वाचून दाखवावे. तीन, ज्वारीचे नवे वाण सोडताना दाण्याच्या उताऱ्याशेजारी कडब्याचा उतारा आणि त्याचा कस छापावा. शिबिरे बहुधा डिसेंबरनंतर लागतात, म्हणजे पहिली मागणी दिवाळीच्या आत पंचायत समितीत पोचली पाहिजे. आपापल्या गावातून कोणत्या गाई गेल्या वर्षी सुया घेऊनही उलटल्या, त्यांची यादी आणि तेव्हा त्यांच्या गव्हाणीत काय होते याची नोंद, येत्या बैठकीला सोबत आणा.